ओटीपी सांगायच्या आधी पाणी बघा



सौर पंप बंद पडला की आपण तो बसवून गेलेल्या पोराला फोन लावतो. तो म्हणतो, "उद्या येतो." मग चार दिवस फोन उचलत नाही, तोवर कांदा मान टाकतो. पण हा पोरगा आता स्वतःच्या मनाने कुठं जात नाही. पुरवठादार कंपन्या हे काम सॉफ्टवेअरवर चालवतात. तक्रारीला नंबर पडतो, कोण कुठल्या गावाला जाणार ते ठरतं आणि टेक्निशियनच्या मोबाईलवर दिवसाची यादी येते. फोनवर बोललेली तक्रार त्या यादीत नसते. कंपनीच्या लेखी तुमचा पंप चालूच असतो!

म्हणून आधी तक्रार क्रमांक घ्या. पंप महावितरणच्या योजनेतला असेल तर त्यांच्याकडेही तक्रार नोंदवता येते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ५ वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे. या मुदतीत नेहमीच्या बिघाडाला कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तक्रारीत नुसतं "पंप बंद" लिहू नका. टेक्निशियनसोबत कोणता पार्ट द्यायचा हे ऑफिसवाले तुमच्या माहितीवरूनच ठरवतात. माहिती नसली की पोरगा पाना-पक्कड घेऊन येतो, कंट्रोलर गेलाय म्हणतो आणि परत जातो. दुसरी फेरी कधी होईल ते सांगता येत नाही. त्यामुळे कंट्रोलरच्या स्क्रीनवरच्या कोडचा आणि त्याच्यावरच्या सिरीयल नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. लोकेशन घरून नाही, विहिरीवर उभं राहून पाठवा. ते पोरगं दिवसभर गाडीवर तालुका पालथा घालतंय, त्याचा तास शिवार शोधण्यात जाऊ नये.

स्क्रीनवर 'ड्राय रन' आलं असेल तर आधी विहिरीतलं पाणी बघा. पातळी खाली गेली की पंप स्वतःहून थांबतो, तो बिघाड नव्हे. कंट्रोलरचं झाकण मात्र उघडू नका. ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतो, स्विच बंद केला तरी.

आता मुद्द्याचं. काम झालं की बऱ्याच कंपन्यांचं अॅप शेतकऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतं. तो सांगितला की तक्रार 'निकाली' होते. दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर टेक्निशियनचं काम मोजलं जातं, त्यामुळे पार्ट नसला तरी "ओटीपी द्या, उद्या येऊन बसवतो" असं म्हणणारे भेटतात. पोरगा वाईट नसतो, त्याच्यावरही दबाव असतो. पण ओटीपी दिला की पुन्हा पहिल्यापासून तक्रार करावी लागते आणि मधले दिवस कुठंच दिसत नाहीत. पाईपातून पाणी पडताना बघा, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मगच ओटीपी सांगा. घरी मोबाईल पोरांकडे असतो, त्यांनाही हे सांगून ठेवा.

ज्यांची तक्रार निकाली दाखवते पण पंप अजून बंद आहे, त्यांनी तक्रार क्रमांक, गट नंबर आणि कंट्रोलरचा फोटो याच नंबरवर पाठवावा. सोमवारी संध्याकाळपर्यंत आलेल्यांची एकत्र यादी मंगळवारी आपल्या कंपनीच्या लेटरहेडवर पुरवठादाराला आणि महावितरणला देणार आहोत.

– कृषी सल्लागार