मावळ्याच्या पायाखालची माती

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होऊन दारी पणती लागली की दीपावलीच्या मंगल पर्वास प्रारंभ होतो. फराळाच्या गडबडीत गृहिणी मग्न असतात आणि त्याच सुमारास शिरूर-घोडनदीच्या आळीआळीतून बाळगोपाळांची आणखी एक लगबग चाललेली दिसते. दगडविटांची रास, चिखलात बुडविलेले गोणपाट, कोपरापर्यंत माखलेले हात! किल्ला उभा राहत असतो. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. आम्हांस मात्र त्यात आपल्या पूजाविधीतील एक जुना संस्कार दिसतो. तो संस्कार आसनाचा.

आपण कोणतेही दैवत उघड्या भुईवर ठेवीत नाही. मूर्तीखाली पाट वा चौरंग असतो, कलशाखाली तांदळाची रास असते. नवरात्रात तर घटाखाली माती पसरून तीत धान्य पेरतो आणि कोवळे अंकुर हेच देवीचे आसन होते. दसरा ओलांडून अवघे दोन-तीन आठवडे होतात, तोच घरातील लहान हात किल्ल्याच्या उतारावर हळीव आणि मोहरी पेरू लागतात. पाच-सहा दिवसांत हिरवळ धरते आणि तिच्यावर महाराज व मावळे विराजमान होतात. दोन्ही विधींत आधी भूमी सिद्ध होते आणि मग मूर्ती येते.

शिरूरच्या सपाट मुलखात शिवनेरीसारखा डोंगरी किल्ला नाही. पण शिवनेरीच्या परिसरातून वाहत येणारी कुकडी घोड नदीस मिळते आणि त्याच घोड नदीच्या काठी आमचे शिरूर वसले आहे. हे नाते मुलांना सांगावे. येथील काळी माती मात्र किल्ल्यास एकटी पुरत नाही. ती ओली असता फुगते, वाळताना आकसते आणि बुरुजांना भेगा पडतात. तीत वाळू, शेण आणि बारीक भुसा कालवला की ती धरून राहते. कड्यांना काळा दगड शोभतो, कारण सह्याद्रीचा कातळ काळाच आहे. पायवाटेवर विटेची भुकटी चाळून टाकली की वाट उठून दिसते.

आता मावळ्यांकडे वळू. साच्यातून काढलेल्या या चिमुकल्या शिपायाच्या पायाखाली एक चकती असते. बहुतेक मुले ती चकती तशीच मातीवर टेकवतात. मग वाऱ्याची झुळूक आली की भालाईत आडवा होतो. हिरवळीवर शिंपडलेले पाणी न भाजलेल्या मातीच्या पायांत मुरते आणि तोफची दोन दिवसांत खचतो. उपाय सोपा आहे. माती ओलसर असतानाच कौलाचा सपाट तुकडा दाबून बसवावा, त्यावर मावळा उभा करावा आणि चकतीच्या कडेने कोरडी माती चाळून ती झाकून टाकावी. मावळा ठेवलेला न वाटता तेथेच उभा असलेला वाटू लागतो. पहारेकऱ्याचे तोंड किल्ल्याबाहेर असावे, इतके लक्षात ठेवले की झाले.

सातासमुद्रापलीकडेही हा विचार झालेला आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम मांडले. आज अशा पटावरील ऐतिहासिक लढाया खेळणारी प्रौढ माणसे प्रत्येक शिपायास छोट्या बैठकीवर चिकटवतात, तीवर वाळू पसरतात, मातीचा रंग देतात, गवताचे तुरे लावतात. वाळवंटातील लढाई असेल तर बैठकही वाळवंटाची असते. जे त्यांनी छंद म्हणून जपले, ते आपल्या अंगणात सणाचे अंग होऊन बसले आहे.

आणि भूमी म्हटली की इतिहास आलाच. सिंहासनाधिष्ठित महाराजांची मूर्ती आपण कोणत्याही किल्ल्यावर बसवतो. परंतु राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी, रायगडावर. शिवनेरी ही महाराजांची जन्मभूमी खरी, तथापि तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. म्हणून शिवनेरी रचणाऱ्या मुलांनी तेथे जिजाऊंजवळ बालशिवाजी उभे करावेत. सिंहगड केला असेल तर मावळे दरवाजात नव्हे, कड्यावर हवेत, कारण १६७० सालच्या त्या रात्री तानाजी मालुसरे कडा चढून गेले. १६६० सालची घोडखिंड रचायची असेल, तर खिंड अरुंदच ठेवावी. ती रुंद केली की बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांनिशी शत्रूस कसे रोखले, हेच मुलांना उमगणार नाही. तेथे पायाखालची भूमी हेच मावळ्यांचे अर्धे शस्त्र होते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. शिवनेरी, राजगड, रायगड त्यांत आहेत. या मानाने ऊर भरून येतो. पण त्याच वेळी बाजारात तयार साच्यातले किल्ले येऊन बसले आहेत. ते आणावेत, खोक्यातून काढावेत आणि सण संपला की माळ्यावर टाकावेत. ज्यांच्या घरास अंगण उरले नाही, त्यांची अडचण आम्ही जाणतो. त्यांनी गच्चीत वा दाराशी लाकडी फळीवर दोन घमेली माती घ्यावी. किल्ला वीतभर झाला तरी चालेल, पण बाळाच्या नखांत माती गेली पाहिजे. कोणता मावळा कोठे आणि का उभा आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे. विकतच्या किल्ल्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.

तुलसीविवाहाच्या सुमारास किल्ला उतरवताना महाराजांची मूर्ती स्वच्छ पुसून कापडात गुंडाळून ठेवावी, मावळे पुढच्या वर्षासाठी जपावेत. प्लास्टरची चित्रे नदीत सोडू नयेत, ती पाण्यात विरघळत नाहीत. माती मात्र तुळशीवृंदावनात वा शेतात परत घालावी. ज्या भूमीने चार दिवस मावळ्यांना आधार दिला, तिचे ऋण एवढ्याने तरी मुलांच्या ध्यानी येईल.

आमच्या सर्व वाचकांस ही दीपावली सुखसमृद्धीची जावो!