आधीं लखोटा, मग पत्र

संक्रांत जवळ आली कीं आमच्या घरीं दोन कामें एकदमच सुरू होतात. स्वयंपाकघरांत हलव्याची परात मंद आंचेवर चढते, आणि बाहेरच्या खोलींत मुलांचा छापखाना उघडतो. बाजारांतील छापील भेटकार्डें आणणें आम्हीं केव्हांच सोडलें आहे. धाकटे भाऊजी चित्र काढतात, मुलें त्याखालीं चार ओळी जुळवितात, आणि संगणकाला जोडलेल्या घरच्याच छपाईयंत्रावर तीं कार्डें छापून निघतात. प्रत्येक कार्डाबरोबर हलव्याचे थोडे दाणे पाठवावयाचे, हा परिपाठ मात्र सासूबाईंच्या वेळेपासूनचा.

दोन वर्षांपूर्वीं अशीं चाळीस कार्डें मोठ्या हौसेनें तयार झालीं. सूर्याच्या रथाचें सुरेख चित्र, तेंहि अगदीं कडेपर्यंत छापलेलें. सगळें आटोपल्यावर भाऊजी पाकिटें आणावयास गेले आणि हात हालवीत परत आले. दुकानांत पाकिटांचे ढीग होते. पण आमचें कार्ड ज्यांत नीट बसेल असें त्यांत एकहि नव्हतें. नऊ इंच लांब व चार इंच रुंद हें तेथील नेहमीचें पाकीट. चार इंच म्हणजे १०१·६ मिलिमीटर, आणि कार्डाची रुंदी १०५. साडेतीन मिलिमीटरांसाठीं सगळें अडलें! थोरल्या जाऊबाईंनीं कडा कातरण्याचा उपाय सुचविला, तर रथाचें चाकच कापलें जाऊं लागलें. अखेर दहा इंची लांब पाकिटें आणून वेळ निभावून नेली.

त्याचें फळ पंधरा दिवसांनीं कळलें. आमच्या आत्याबाई इंदूरला असतात. वय शहाऐंशी, हळदीकुंकवाला कोठें जाणें होत नाहीं. माहेरचें हें पाकीट हीच त्यांची संक्रांत. त्यांनीं लिहिलें कीं, लांब पाकिटांत कार्ड मागेंपुढें सरकून मध्येंच मोडलें होतें, कोपरा फाटला होता, आणि हलव्याचें पीठ झालें होतें. "पीठ बोटावर घेऊन देवाला दाखविलें व मग खाल्लें," एवढेंच पुढें होतें. त्यांत तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि म्हणूनच तें वाचून आम्हां सर्वांना फार चुटपुट लागली. चूक टपालाची नव्हती, आमचीच होती. पाहुणा दाराशीं आल्यावर पाट शोधावयास निघावें, तसें आम्हीं केलें होतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं नियम असा: आधीं लखोटा ठरवावयाचा, मग कार्ड छापावयाचें.

लखोटा हा शब्द मी मुद्दाम वापरतें. पाकीट आपल्याकडे इंग्रजीच्या पाठोपाठ आलें. लखोटा त्याहून जुना. पेशवाईंत थोरामोठ्यांचीं पत्रें किनखापाच्या थैलींत घालून जात, त्याला खलिता म्हणत. खुद्द इंग्लंडांतहि १८४० पर्यंत कागदी पाकीट ही चैनच होती. कारण टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर घेत, आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद! त्यामुळें लोक पत्रच घडी घालून लाखेनें चिकटवीत. १८४० सालीं रोलंड हिलच्या योजनेनें वजनावर एक पेनीचा सरसकट दर ठरला आणि पाकिटाला दिवस आले. पांचच वर्षांनीं त्याचा भाऊ एडविन हिल आणि वॉरन द ला र्यू यांनीं पाकिटें दुमडण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें.

आतां मापांचा घोळ कोठून येतो तें सांगतें. छपाईयंत्रांत आपण जो ए-४ कागद घालतों तो २१० मिलिमीटर रुंद व २९७ लांब. तो मध्यें कापला कीं ए-५, आणि ए-५ ची घडी घातली कीं ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ चें कार्ड. कितीहि वेळां निम्मा केला तरी कागदाचें लांबी-रुंदीचें प्रमाण बदलत नाहीं, ही यांतील खुबी. लिख्टेनबर्ग नांवाच्या जर्मन प्राध्यापकानें १७८६ सालच्या एका पत्रांत ती मांडली होती, आणि १९२२ त जर्मनीनें तिलाच प्रमाण मानलें. याच मापांना जोडून पाकिटांचीं 'सी' मापें ठरलीं आहेत. सी-६, म्हणजे ११४ बाय १६२ च्या पाकिटांत ए-६ कार्ड सुखानें बसतें. परंतु आपल्याकडील दुकानांत पाकिटें अजून बहुधा इंचांच्या हिशेबानें मिळतात. कागद एका पद्धतीचा आणि पाकीट दुसऱ्या पद्धतीचें. मग जुळावें कसें? दुकानांत जातांना कार्डाच्या मापाचा एक कोरा तुकडा बरोबर न्यावा आणि तो पाकिटांत घालून पाहावा. आंकडे तोंडीं सांगण्यापेक्षां हें बरें. सी-६ मिळालें तर प्रश्नच मिटला. न मिळालें तर घरीं करावें. आणि खरें सांगावयाचें तर मिळालें तरी करावें, कारण त्याला खर्च जवळजवळ नाहीं.

रीत अशी. नेहमीच्या कागदाहून किंचित् जाड, ९० ग्रॅमचा म्हणून मिळतो तो ए-४ कागद घेऊन त्याचा २१० मिलिमीटरांचा चौरस कापावा. बाजूला ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते, ती टाकूं नये. जाड पुठ्ठ्याचा १५३ बाय ११० असा साचा करून ठेवावा. कार्डाहून तो दोन्ही अंगांनीं पांच मिलिमीटर मोठा होतो. चौरस शंकरपाळ्यासारखा, टोक आपल्याकडे करून मांडावा, मधोमध साचा आडवा ठेवावा आणि चारी बाजूंनीं बोथट सुरीच्या पाठीनें रेघ दाबून घ्यावी. साच्याच्या चारी कोपऱ्यांशीं एकेक लहान त्रिकोण बाहेर उरतो, तो कातरावा. हे त्रिकोण ठेवले तर पाकिटाचे कोपरे फुगतात; आमच्या पहिल्या आठ पाकिटांना असे कान आले होते. मग डावी-उजवी टोकें आंत दुमडावीं, खालचें टोक त्यांवर चिकटवावें आणि वरचें मोकळें ठेवावें. साचा घडी होईपर्यंत आंतच असूं द्यावा.

कार्डाच्या जाड कागदाला मात्र एक पथ्य आहे. कागदाला धागा असतो. दोन्ही दिशांनीं हलकेच वांकवून पाहिलें कीं ज्या बाजूला तो सहज वांकतो ती धाग्याची दिशा होय. घडी तिला समांतर पडली तर नितळ येते, आडवी पडली तर चिरते आणि छपाईचा रंग तेथें उडतो. हातकागद दिसावयास फार देखणा. पण घडीला आडमुठा, आणि पुष्कळदां शाई पसरविणारा. तो आम्हीं कार्डापुरताच वापरतों.

चिकटविण्यास मैद्याची खळ उत्तम. एक वाटी मैद्याला पांच-सहा वाट्या पाणी घेऊन गुठळ्या मोडीत शिजवावी व थंड झाल्यावर पातळ हातानें लावावी. पुस्तकें बांधणारे किडीसाठीं तींत मोरचूद घालतात. येथें तें कदापि घालूं नये. मोरचूद विषारी आहे आणि पाकिटांत खाण्याचा जिन्नस जावयाचा आहे. वरच्या टोकाला बाभळीच्या डिंकाचें पाणी लावून वाळवावें, म्हणजे आयत्या वेळीं ओलें बोट फिरविलें कीं पुरे. डिंकांत चिमूटभर साखर घातली तर तो वाळून तडकत नाहीं. दाट लावला तर कागद आंखडतो.

आतां ती उरलेली पट्टी. ती निम्म्यांत दुमडली कीं १०५ बाय ८७ ची घडी होते. दोन कडांना खळ लावून पुडी करावी, हलव्याचे दाणे एकावर एक न येतील असे पसरावे, तोंड बंद करावें आणि ही पुडी कार्डाच्या घडींत एका ठिपक्यानें चिकटवावी. दाणे कोपऱ्यांत गोळा होणें येथेंच थांबतें, आणि वरून येणारा दाब कार्डाचा जाड कागद पुष्कळसा सोसतो.

वजनाचाहि हिशेब आधींच करावा, कारण साध्या पत्राचा दर वीस-वीस ग्रॅमांनीं चढतो. दोनशें ग्रॅमच्या कागदाचें ए-५ कार्ड सव्वासहा ग्रॅम, चौरसाचें पाकीट चार, पुडी दीडाच्या थोडी वर, एकूण बारा. म्हणजे सात ग्रॅम हलवा घालूनहि आपण वीसाच्या आंतच राहतों. सासूबाई 'हात सैल सोडून' दाणे घालीत, पण त्यांचें वजन पुढें टपालवाला करी आणि आत्याबाईंना दंड भरावा लागे, ही गोष्ट घरांत अजून सांगतात!

संक्रांतीला काळा रंग चालतो, म्हणून गेल्या वर्षीं मुलांनीं काळ्या पाकिटांचा हट्ट धरला. त्यांवर पांढऱ्या शाईनें लिहिलेला पत्ता जाऊबाईंनाच वाचतां येईना. तेव्हां पाकीट पांढरें आणि आंतील पुडी काळी, अशी तडजोड झाली. पत्ता लिहितांना पिनकोड स्पष्ट व सुटा लिहावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली ही सहा आंकड्यांची योजना टपालखात्यांतील श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृत कवि व नाटककारहि होते, हें मुलांना सांगितल्यापासून आंकडे अधिक वळणदार येऊं लागले आहेत.

यंदा चाळीस पाकिटें दोन दुपारींत झालीं. इंदूरचें उत्तर आठव्या दिवशीं आलें. पुडींत अकरा दाणे निघाले, पैकीं एकच फुटला होता, असें आत्याबाईंनीं मोजून कळविलें आहे. आणि पाकीट कसें दुमडलें तें पाहण्यासाठीं तें हळूच उकलून ठेवलें आहे, तरी एक कोरें पाठवावें, असेंहि लिहिलें आहे.