कणा जुळतो, मज्जारज्जू जुळत नाही!

बिद्री : गळीत हंगाम सुरू झाला, की येथील दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रीघ लागते. फडात मजूर डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढतात. रात्री रस्त्यावर थांबलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळण्याचा धोका असतोच. अशा वेळी कोणी पडले, तर जमलेली मंडळी मदतीच्या भावनेने त्याचे हात-पाय धरून उचलतात आणि मिळेल त्या वाहनात बसवतात. पाठीच्या कण्याला मार लागला असेल, तर हीच घाई त्याला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकते. त्यामागचे कारण समजण्यासाठी कण्याच्या आत काय असते, हे पाहावे लागेल.

मज्जारज्जू म्हणजे काय?

पाठीचा कणा हा मण्यांसारख्या हाडांचा, म्हणजे मणक्यांचा स्तंभ. त्यातील पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली जातो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, तर जाडी करंगळीएवढी असते. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत आणि त्वचेची संवेदना मेंदूपर्यंत याच मार्गाने पोहोचते. मलमूत्रावरील नियंत्रणही त्याच्याकडेच असते.

मोडलेले हाड कालांतराने जुळते. मज्जारज्जूतील तुटलेले तंतू मात्र सहसा पुन्हा वाढत नाहीत. इजा कंबरेच्या वर, पाठीत झाली, तर पाय लुळे पडतात. मानेत झाली तर चारही अवयव निकामी होऊ शकतात. मानेच्या वरच्या भागातील इजेने श्वासही थांबू शकतो. मणका मोडला, पण मज्जारज्जू शाबूत राहिला, असेही अनेकदा घडते. अशा जखमीला वेडेवाकडे उचलले, तर सरकलेले हाड मज्जारज्जूत घुसते आणि टळू शकणारे अपंगत्व पदरी पडते.

अपघाताविनाही धोका

मज्जारज्जूचे सर्वच विकार अपघातातून उद्भवत नाहीत. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयाचे जंतू मणक्यात शिरले, की हाड पोखरले जाते आणि पू साचून मज्जारज्जूवर दाब येतो. सततची पाठदुखी, सायंकाळचा ताप आणि घटणारे वजन ही त्याची लक्षणे होत. वेळेत निदान झाल्यास औषधांनी हा आजार बरा होतो. सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात.

वाढत्या वयात मानेच्या मणक्यांची झीज होऊन किंवा मणक्यांमधील गादी सरकूनही दाब येतो. सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे ही त्याची सुरुवात असू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेनेही मज्जारज्जूची हानी होते. पायांना मुंग्या येतात आणि अंधारात तोल जातो. याशिवाय गाठी आणि मज्जारज्जूचा दाह हेही विकार आहेत.

साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत थांबते. परंतु तिच्यासोबत पायांतील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसले, तर मालिश किंवा घरगुती उपायांत वेळ दवडू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एमआरआय तपासणीत दाब नेमका कोठे आहे, ते कळते.

जखमीला कसे हलवावे?

प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल, तर जखमीला जागेवरून हलवू नये. त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. एकाने त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष ठेवावे. हलवणे अटळच असेल, तर चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर आणि पाय एका सरळ रेषेत ठेवून एकाच वेळी उचलावे आणि सपाट फळीवर निजवावे. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावाव्यात.

त्यानंतरचे आयुष्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांच्या जिवाला पुढे शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. अंथरुणावरील रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा रोज तपासणे आणि लघवीची नळी स्वच्छ ठेवणे ही कामे घरच्यांनाही शिकता येतात.

किशोरवयातच कंबरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. सांगली जिल्ह्यातील पेठचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनीच १९७२मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक पटकावले. पाय गेले म्हणजे सारे संपले, हा समज या दोघांनी खोटा ठरवला. मात्र जे पाय वाचू शकतात, ते वाचवणे अपघातस्थळी पहिल्यांदा पोहोचणाऱ्यांच्या हाती असते.