कानातला आकडा पुसला का जात नाही?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात एखाद्या गोठ्यात डोकावलात, तर गाईच्या कानात पिवळा बिल्ला दिसेल. त्यावरचा 12 अंकी आकडा म्हणजे तिचं आधारकार्डच. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. पण ऊन, पाऊस, चिखल आणि गव्हाणीला घासणं सोसूनही तो आकडा टिकतो कसा?

कारण तो शाईचा नसतो, लेझरने उमटवलेला असतो. शाई वरवर बसते, म्हणून खरवडली जाते. लेझर प्लास्टिकलाच बदलतो. या कामात सर्रास वापरला जाणारा 1064 नॅनोमीटरचा अदृश्य किरण साध्या प्लास्टिकमधून बराचसा आरपार जातो. म्हणून प्लास्टिकमध्ये किरण शोषणारी पूड मिसळतात. पूड तापते, भोवतालचं प्लास्टिक करपतं, कार्बन उरतो आणि काळा आकडा उमटतो. तव्यावरच्या भाकरीला डाग पडतो, तसाच. गडद प्लास्टिकवर उलटं घडवता येतं: उष्णतेने आत वायूचे बारीक बुडबुडे फुगतात, ते प्रकाश विखुरतात आणि खूण फिकट दिसते.

बंदुकीच्या प्लास्टिक भागांवरही अशाच खुणा करतात. मात्र खूण खोल नसेल, तर कानशीने तासली की गेली. म्हणूनच ग्लॉक पिस्तुलाच्या प्लास्टिक सांगाड्यात धातूची पट्टी बसवलेली असते आणि क्रमांक तिच्यावर असतो.

गाईला तेवढी भीती नाही. तिचा आकडा कानशीने नाही, फार तर काटेरी कुंपणात बिल्ल्यासकट जातो!