जुलाबानंतर पायांतले बळ जाते तेव्हा

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत चांगल्या धडधाकट माणसांच्या पायांतले बळ एकाएकी जाऊ लागले. संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण झाले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते. रोगाचे नाव गुलेन-बॅरे सिंड्रोम, लोकांच्या तोंडी जीबीएस. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण हा जंतू आपल्या खुराड्यातला, म्हणून त्याची ओळख शेतकरी कुटुंबाला हवी.

पोटातला जंतू पायांत जात नाही. घोटाळा होतो तो आपल्याच राखणदाराकडून. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात एक स्निग्ध पदार्थ असतो आणि त्याला साखरेच्या कणांची छोटी साखळी जोडलेली असते. आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावरही अशीच स्निग्ध द्रव्ये असतात. त्यांना गँग्लिओसाइड म्हणतात. जंतूच्या काही जातींत ही साखळी आणि मज्जातंतूवरची साखळी इतकी सारखी असते की, शरीराने जंतूसाठी तयार केलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरही जाऊन चिकटतात. भातात एक तण असे असते की, लहानपणी ते हुबेहूब भाताच्या रोपासारखे दिसते. नवखा मजूर खुरपणीला लावला की तणाबरोबर भातही उपटला जातो. तसेच हे.

हा रोग १९१६ साली फ्रान्समध्ये गुलेन, बॅरे आणि श्ट्रोल या तिघांनी सैनिकांमध्ये नोंदवला. (श्ट्रोल यांचे नाव पुढे का गळाले कोण जाणे!) जुलाबाचा धागा मात्र फार उशिरा लागला. १९९० च्या सुमारास जपानमध्ये नोबुहिरो युकी यांना अशा रुग्णांच्या रक्तात गँग्लिओसाइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच सुमारास उत्तर चीनच्या खेड्यांतील मुलांना उन्हाळ्यात होणाऱ्या लुळेपणाचाही या जंतूशी संबंध दिसून आला. २००४ साली युकी व सहकाऱ्यांनी जंतूच्या आवरणातले ते द्रव्य सशांना टोचले, तेव्हा सशांचे पाय लुळे पडले. मग शंका उरली नाही.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. या जंतूचे जुलाब झालेल्या सुमारे हजारांत एकालाच असा त्रास होतो. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

कोंबडीच्या शरीराची ऊब ४१-४२ अंश असते आणि या जंतूला तीच मानवते. तो कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, कोंबडी आजारी दिसतसुद्धा नाही. म्हणून निरोगी पक्षी म्हणजे निर्धोक मांस असे समजू नये. मांस आतपर्यंत शिजले की जंतू मरतो. धोका आहे तो कच्च्या मांसाचा. नळाखाली धार सोडून धुताना शिंतोडे कोशिंबिरीवर, भांड्यांवर उडतात. मांस कापलेली विळी नि पाट लगेच साबणाने धुवावा, त्यावरच कांदा चिरू नये. न तापवलेले दूध आणि विष्ठा मिसळलेले पाणी हेही जंतूचे मार्ग आहेत. खुराडे किंवा खताचा खड्डा विहिरीला लागून असेल तर तो हलवावा, विहिरीत क्लोरिन टाकावे आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येतात, उठता-बसता जड जाते, अशक्तपणा वर वर चढतो. आपल्याकडे याला लकवा म्हणून तेल चोळतात, अंगारा लावतात. नेहमीचा लकवा बहुधा एका बाजूला येतो; हा दोन्ही बाजूंना येतो. चार-पाच रुग्णांमागे एकाचा श्वासाचा जोर कमी पडून त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लागते, तेही काही दिवसांत. त्यामुळे रात्र काढून सकाळी बघू असे म्हणू नये; मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्रतिपिंडांची इंजेक्शने शिरेतून देणे किंवा रक्तातील द्रव बदलणे हे दोन उपाय आहेत, ते पहिल्या दोन आठवड्यांत चांगले लागू पडतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा यात उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण सावरतात, परंतु पुन्हा नांगर धरण्याइतके बळ यायला कित्येक महिने लागतात. तोवर रोजचा व्यायाम घरच्यांनीच करून घ्यावा लागतो.