विल्म्स ट्यूमर : खूण आणि भाकीत

आता विल्म्स ट्यूमरकडे येऊ. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ साली त्याच्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून हे नाव.

मी डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचा माणूस. मला रस आहे तो 'खूण' या कल्पनेत. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशींची केंद्रकं अवाढव्य, वेडीवाकडी दिसली तर ती वाईट खूण. बेकविथ आणि पामर यांनी १९७८ साली हे मांडलं. पुढे गुणसूत्रं वाचता येऊ लागली. पहिल्या आणि सोळाव्या गुणसूत्राच्या ठरावीक भागाची एकेक प्रत गाठीत हरवलेली असेल, तर आजार परतण्याचा धोका वाढतो.

आईबाप विचारतात, "म्हणजे आमचं पोर वाचणार नाही का?" इथेच घोटाळा होतो बघा. खूण बोलते ती अशा शंभर मुलांबद्दल, समोरच्या एकाबद्दल नाही. आणि तेही अमुक उपचार दिले तर. उत्तर अमेरिकेतल्या चाचण्यांत, हे दोन्ही भाग हरवलेल्या मुलांना जादा औषधं दिली आणि निकाल सुधारला. भाकीत ऐकून माणसं वेगळी वागली, आणि भाकीतच बदललं! ग्रहणाचं असं होत नाही.

खुणेची उलटी बाजूही आहे. मूल दोन वर्षांखालचं, गाठ ५५० ग्रॅमहून हलकी, अवस्था पहिली, पेशी अनुकूल, लसिकाग्रंथी तपासून स्वच्छ; तर तिथे मूत्रपिंड काढून नुसतं लक्ष ठेवता येतं. काहींचा आजार परततो, तेव्हा उपचार सुरू करतात. बाकीच्यांची केमोथेरपी टळते.