शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या कोणी पुसायच्या?



आजऱ्याचा पाऊस म्हणजे काय, ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. जूनपासून तीन-चार महिने भिंती ओल्या, काचांच्या कडांना हिरवं शेवाळ. पाऊस उघडला की लाल माती सुकते आणि तिची धूळ काचेवर बसते. दसरा जवळ आला की शाळेत स्वच्छतेचा विषय निघतो. खालचे वर्ग झटपट होतात. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या काचांपाशी मात्र गाडी अडते. मग कोणीतरी म्हणतं, "नववीतली चार उंच पोरं घ्या, होतंय काम!"

आजचा लेख या वाक्याबद्दल आहे.

श्रमसंस्कार वेगळा, धोका वेगळा

मुलांनी काम करावं, याबद्दल आपल्या जिल्ह्यात तरी वाद नसावा. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्याच कुंभोजचे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू करून त्यांनी 'कमवा आणि शिका' ही वाट दाखवली. आपला वर्ग आपण झाडणं, बाक पुसणं यात कमीपणा नाही, उलट ते शिक्षणच आहे.

पण खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून, एका हाताने गज धरून बाहेरची काच पुसणं हे कौशल्याचं आणि जोखमीचं काम आहे. ओला कट्टा, शेवाळ, पायात चप्पल आणि खाली फरशी. तोल जायला एक क्षण पुरतो. म्हणून नियम साधा ठेवायचा: जमिनीवर दोन्ही पाय ठेवून हात पोचतो तेवढंच मुलांचं काम. त्याच्या वरचं आणि बाहेरचं काम मुलांचं नाही, शिक्षकांचं नाही आणि शिपाईमामांचंही नाही. ते साधनं आणि सराव असलेल्या माणसाचं.

ही माणसं वेगळं काय करतात?

आपण ओल्या फडक्याने काच पुसतो तेव्हा धूळ निघत नाही, नुसती पसरते. वर पाणी सुकलं की त्यातले क्षार काचेवर राहतात आणि पांढरे डाग दिसतात. सराव असलेला माणूस आधी मऊ ब्रशने सुकी धूळ काढतो, मग थोडं साबणपाणी लावतो आणि रबरी पट्टीच्या वायपरने ते पाणी वरून खाली ओढून घेतो. पाणी सुकायच्या आत काचेवरून गेलं, की डाग राहत नाही. म्हणूनच भर उन्हात तापलेली काच धूत नाहीत, सकाळची वेळ धरतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. नव्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पावसाचं पाणी उलटं वर्गात येतं. काच लख्ख झाली आणि पट्टी तशीच राहिली, तर काम अर्धंच झालं. त्यामुळे काचा दसऱ्याच्या आधी केल्या, तरी पट्ट्या मे महिन्यात, शाळा सुरू होण्याआधी पुन्हा साफ करून घ्याव्यात.

काम ठरवताना विचारायचे प्रश्न

१. दर कशावर? चौरस फुटावर की खिडकीवर? काच एका बाजूने की दोन्ही बाजूंनी?
२. जाळी, गज आणि पट्टी धरून की वेगळे पैसे?
३. कोल्हापूर, बेळगाव किंवा गडहिंग्लजहून येणार असतील तर गाडीभाडं कोणाचं?
४. उंचीवर काम कसं करणार? सेफ्टी बेल्ट आहे का, आणि तो कशाला बांधणार? पाइपला किंवा खिडकीच्या गजाला बांधलेला बेल्ट असून नसल्यासारखा.
५. कामगारांचा विमा आहे का? काच फुटली तर भरपाई कोण देणार?
६. कोणतं द्रव्य वापरणार? ॲसिड नको म्हणून आधीच सांगा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

शिडी लावणार असतील तर एक हिशोब लक्षात ठेवा: शिडी जिथे टेकते ती उंची ४ फूट असेल, तर पाया भिंतीपासून १ फूट दूर. म्हणजे १२ फुटांना ३ फूट. शिडी काचेला टेकवायची नाही, खाली एक माणूस धरायला हवा, आणि जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी अजिबात नको. काम सुट्टीच्या दिवशीच ठेवा.

पैसे कुठून?

समग्र शिक्षा अभियानातून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरायची असते. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. म्हणजे "पोरांना वर चढवू नका" असं म्हणण्याची खरी जागा पालकांच्याच हातात आहे. दोन-तीन ठिकाणचे दर लेखी घ्या, ठराव करा, पावती जपून ठेवा.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम (इयत्ता ६ वी-७ वी)

समजा, शाळेत २४ खिडक्या आहेत. प्रत्येक ४ फूट × ४ फूट. काच दोन्ही बाजूंनी साफ करायची आहे.

- पहिला दर: चौरस फुटाला ४ रुपये, जाळी आणि गाडीभाडं धरून.
- दुसरा दर: खिडकीला ८० रुपये. जाळीचे खिडकीमागे २० रुपये वेगळे, गाडीभाडं ६०० रुपये.

पहिल्यात एकूण क्षेत्रफळ २४ × १६ × २ = ७६८ चौरस फूट, खर्च ३,०७२ रुपये. दुसऱ्यात १,९२० + ४८० + ६०० = ३,००० रुपये. वरवर पाहता दुसरा दर खूप स्वस्त वाटतो, प्रत्यक्षात फरक फक्त ७२ रुपयांचा! आता मुलांना विचारा: पहिल्याकडे बेल्ट आणि विमा आहे, दुसऱ्याकडे नाही. ७२ रुपये वाचवायचे का? या प्रश्नावर वर्ग चांगला बोलतो, असा अनुभव आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं

कामाला आलेल्या माणसाला "ए खिडकीवाल्या" म्हणायचं नाही. नाव विचारायचं, दादा-मामा म्हणायचं, पाणी-चहा द्यायचा आणि ठरलेले पैसे काम संपल्यावर त्याच दिवशी हातात द्यायचे. जमलं तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्यांना वर्गात बोलवा. बेल्ट कसा बांधतात, वायपर कसा ओढतात, ते जमिनीवर उभं राहून मुलांना दाखवू द्या. श्रमप्रतिष्ठेचा पाठ असाही घेता येतो आणि त्यासाठी एकाही मुलाला कट्ट्यावर चढावं लागत नाही.